पाटल्या गहाण, टॅक्स शून्य

मार्च लागला की सातपूरच्या कारखान्यांत पुरुषांना एक ताप चढतो. त्यावर औषध एकच, पीपीएफ. खात्यात पैसे भरायचे, टॅक्स वाचवायचा आणि चहाच्या टपरीवर उभं राहून ज्याने भरले नाहीत त्याची कीव करायची. जवळ पैसे नसले तर कर्ज काढून भरायचे. आमच्या ह्यांनी माझ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या.

त्या पाटल्या आईच्या. माझ्या लग्नात तिने स्वतःच्या हातातून काढून माझ्या हातात घातल्या आणि मग कधी सोनं घातलंच नाही.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे," हे म्हणाले होते. वर्ष सरलं, ह्यांनी नुसतं व्याज भरलं आणि कर्ज पुढे ढकललं. वर सोन्याचा भाव वाढत गेला, त्यामुळे त्याच पाटल्यांवर दर मार्चला आणखी थोडं कर्ज मिळायचं. ह्यांना वाटायचं, सोनं ह्यांच्या हुशारीने वाढतंय.

मी विचारायची, "अहो, पतसंस्था व्याज घेते जास्त, पीपीएफवर मिळतं कमी. मग आपल्याला उरलं काय?"

"करमुक्त आहे ते!" हे ओरडायचे. "तुला टॅक्समधलं कळत नाही."

नसेल कळत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला मात्र मला कळतो. पण मग एका वर्षी ह्यांच्या पगारातून टॅक्स कापणंच बंद झालं आणि माझं तोंडही बंद झालं. हे पेढे घेऊन आले. शेजारपाजारी वाटले, पीपीएफवर प्रवचन दिलं. पेढे चांगले होते.

यंदा भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, कळवणला. मी म्हटलं, आता पाटल्या सोडवा. आई फार थकली आहे, हे लग्न तिच्या डोळ्यांसमोरचं बहुधा शेवटचं.

"पैसे अडकलेत ना खात्यात. आत्ता निघत नाहीत. आणि हे सगळं तुझ्याच म्हातारपणासाठी चाललंय."

मला इतका संताप आला की रडूच आलं. माझ्या म्हातारपणाची काळजी करताना माझ्या आईचं म्हातारपण ह्यांना दिसलंच नाही. शेवटी मेनरोडवर जाऊन सोन्याचा मुलामा दिलेल्या खोट्या पाटल्या घेतल्या.

लग्न लागलं, पंगत बसली. हे बरोबर नवरदेवाच्या शेजारी. मी समोरच आईला घेऊन बसले होते. नवरदेव कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला, हे ह्यांना माहीत होतं. तरी बुंदी वाढून व्हायच्या आत प्रवचन सुरू.

"जावईबापू, दर मार्चला पीपीएफ भरा. माझा टॅक्स बघा, शून्य!"

पोरगा भिडस्त. त्याने हळूच विचारलं, "काका, टॅक्सची जुनी पद्धत घेतलीय की नवी?"

"म्हणजे?"

"ऑफिसात काही लिहून दिलं नसेल तर आपोआप नवी लागते. त्यात पीपीएफची सूट नसतेच. तुमच्या पगाराला तसाही शून्यच आला असता."

ह्यांचा घास हातातच राहिला. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण तेवढ्यात आईने माझा हात हातात घेतला. तिला आता नीट दिसत नाही. तिने पाटली बोटांत धरून फिरवली, जरा उचलून पाहिली.

"ह्या माझ्या नाय," ती म्हणाली. "लय हलक्या हायेत."

"लॉकरमध्ये आहेत, आई."

"कोणाच्या लॉकरमधी?"

पंगतीतलं हसू थांबलं. ह्यांनी मान वर केलीच नाही.

मी दोन्ही पाटल्या हातातून काढल्या, पानावरून वाकले आणि ह्यांच्या खिशात टाकल्या.

"पुढच्या मार्चला ह्या ठेवा," मी म्हटलं. "आणि उद्या सकाळी आईच्या पाटल्या आणा."

मग मोकळ्या हातांनी आईला बुंदी भरवली.