शाळेत जाणारांनी प्रकृतीस जपावे

व्हिसाच्या फॉर्मवर माझ्यासाठी एक रकाना होता: अवलंबित पत्नी. लग्नाला चार वर्षं झालेली, सासरचं सगळं घर माझ्या जिल्हा परिषदेच्या मास्तरकीवर चाललेलं, ह्यांचा पुण्यातला कॉम्प्युटरचा कोर्ससुद्धा त्यावरच झालेला, आणि अवलंबित कोण, तर मी! हे परदेशी जाऊन तीन वर्षं उलटली होती. तिथं कायमचं राहायला मिळालं, तेव्हा कुठं ह्यांना बायको आठवली. त्या देशाचं नाव मी इथं लिहिणार नाही. तेवढी त्याची लायकी नाही.

तेलगावात तेव्हा नुकतेच एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते. बूथवर ह्यांचा फोन घेऊन मामा घरी आले. सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात.

"सूनबाई, लगीन खरं हाय ह्याचा पुरावा पायजे म्हनतेत. नवऱ्यानं तुला लिवलेली पत्रं काढ."

"मला कुठं लिहिलीत?"

"मंग एवढी आली ती?"

"ती तुम्हाला आलीत, मामा."

आमच्याकडं बाप जिवंत असताना पोरगा बायकोच्या नावानं पत्र टाकत नाही. लोक काय म्हणतील! म्हणून 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार'नं सुरुवात, मग पिकाची, म्हशीची, भावकीची चौकशी, आणि अगदी शेवटी, जागा उरलीच तर, 'शाळेत जाणारांनी प्रकृतीस जपावे.' ती मी. नाव नाही, नातं नाही, आणि नंबर म्हशीच्या नंतर. विमानात बसून अर्धी दुनिया ओलांडली, पण बापाला वगळून बायकोला दोन ओळी लिहायची छाती झाली नाही. मोठे आले कॉम्प्युटरवाले!

मामांनी उलट फोन केला. महिन्याभरात जाड पाकीट आलं. त्यात मागच्या तारखा टाकलेली अठरा पत्रं होती, तीही इंग्रजीत, म्हणजे वकिलातीतल्या साहेबाला वाचता यावीत. माय डार्लिंग म्हणे! मी चुलीपाशी बसून एकेक वाचत गेले. एकात लिहिलं होतं, संध्याकाळी आपण दोघं हातात हात घालून समुद्रावर फिरायचो, ते आठवलं की रडू येतं. कसला डोंबलाचा समुद्र? आमच्या भागात पाणी म्हणजे माजलगावचं धरण, आणि तेही मी तिसरीच्या पोरांची सहल घेऊन गेले तेव्हा पाहिलेलं. तिथल्या खोलीतल्या जोडीदारानं आपल्या बायकोसाठी लिहिलेली पत्रं ह्यांनी सरळ उतरवून काढली असणार. प्रेमसुद्धा दुसऱ्याची वही बघून! माझी तिसरीतली पोरं याहून हुशारीनं कॉपी करतात.

"काय लिवलंय गं त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमची लई आठवण येते म्हणतेत."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या घरात माझा राग कुणावर नसेल तर तो त्यांच्यावर.

मामांनी माझा राजीनामासुद्धा कुणाकडून लिहून आणला. व्हिसा झाला की लगेच देऊन टाक म्हणाले. मी सही करून तो पर्समध्ये ठेवला. ती नोकरी सुटली की परत मिळणार नव्हती, हे मामांना ठाऊक होतं, ह्यांनाही ठाऊक होतं, आणि त्यावर एक शब्द कुणी काढला नाही. माझ्याही मनात जायचं नव्हतं असं नाही. होतं. नवऱ्याजवळ राहावं असं फार वाटायचं. त्याची मला आजही लाज वाटते.

दिल्लीला मामा सोबत आले, पण वकिलातीत आत मला एकटीलाच सोडलं. खिडकीपलीकडं गोरा साहेब आणि त्याच्या शेजारी मराठी जाणणारे वयस्कर दुभाषी. साहेबानं नेमकं तेच पत्र बाहेर काढलं.

"साहेब विचारतायत, हा समुद्र कोणता?"

मुंबई म्हटलं असतं तर सुटले असते. पण जीभच रेटेना.

"मला माहीत नाही. ही पत्रं मला लिहिलेलीच नाहीत. ती ह्या साहेबांना लिहिलीत. आमच्या घरी येतात ती ही." आणि घरून सोबत आणलेली मामांच्या नावाची सगळी पाकिटं मी पुढं सरकवली.

दुभाष्यांनी पाच-सहा पत्रांच्या शेवटच्या ओळी वाचल्या आणि ते हसले. "माझे वडीलही आईला असंच लिहायचे," ते म्हणाले. मग साहेबाला इंग्रजीत बराच वेळ काहीतरी समजावत बसले. तीन आठवड्यांनी व्हिसा आला.

मी बूथवर जाऊन ह्यांना कळवलं.

"बघितलं? माझ्या पत्रांनीच काम झालं! लई मेहनत घेतलती मी."

कपाळ माझं! मी म्हटलं, "आता एक पत्र मला लिहा. माझ्या नावानं, मराठीत. काहीही लिहा, म्हशीचं लिहा. ते आलं की राजीनामा देते आणि निघते."

"एवढंच ना?" म्हणाले.

व्हिसाला सहा महिन्यांची मुदत होती. शाळा सुटली की मी रोज पोस्टात डोकावायचे, इतकी मी मूर्ख. पाचव्या महिन्यात पाकीट आलं. मधल्या सुट्टीत मी घरी जेवायला आले होते आणि पोस्टमन दारात उभा होता. पाकिटावर मामांचं नाव होतं. मामांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, पीक, म्हैस, भावकी. शेवटाला आल्यावर ते थांबले, माझ्याकडं न बघता चष्मा सारखा केला आणि वाचलं:

"शाळेत जाणारांनी आता लवकर निघावे."

मधली सुट्टी संपत आली होती. मी ताट उचललं, हात धुतले आणि लवकर निघाले, शाळेला.