टोपीकराचा सासरा

जगानं इंग्रजांना जितकी नावं ठेवली, ती सगळी माझ्या बायकोच्या मामांना पाठ आहेत आणि त्यांतलं एकही त्यांनी वाया जाऊ दिलेलं नाही. जहाजावरून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सिंगापूरमध्ये फ्लॅट घेतला तोही आंग मो किओत. ‘‘आंग मो म्हणजे लाल केसवाला. इथले चिनी लोक गोऱ्याला तेच म्हणतात. वस्तीच्या नावातच टोमणा मिळाल्यावर घासाघीस कशाला करायची?’’ त्या नावाचा उगम वेगळा असेल, असं मी एकदा सुचवलं, तर माझ्यासाठी मागवलेली कॉफी त्यांनीच पिऊन टाकली. खाण्याच्या गाळ्यांनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये लिंबाच्या सरबताचा पेला उंचावून ते सांगत, ‘‘हिरड्या सडू नयेत म्हणून यांच्या खलाशांना हे पाजायचे. म्हणून लाइमी!’’ ऑस्ट्रेलियातल्या बंदरांत ऐकलेल्या ‘पॉमी’च्या ते अनेक उत्पत्त्या सांगत आणि सगळ्या खोट्या असल्याची ग्वाहीही देत. पण खरा जीव आपल्या जुन्या ‘टोपीकर’वर. उन्हात टोपी घातलेला गोरा दिसला की उठून मुजरा करत. तो बिचारा खुशीत हात हलवी.

एकदाच, हसता हसता, म्हणाले, ‘‘माझा पहिला चीफ इंग्रज होता. आम्हा सगळ्यांना जॉनी म्हणायचा. माझं नाव त्याच्या तोंडात मावलं नाही, जावईबापू.’’

आणि त्यांच्या मुलीनं लग्न ठरवलं ते इंग्रजाशी. ती सेरंगूनला आमच्या घरी आली. ‘‘भावोजी, कन्यादानात बाबांनी त्याचे पाय धुवायचे. भर मांडवात लाइमी म्हणाले तर?’’ मी शहाणपणानं म्हणालो, ‘‘मग लंडनला रजिस्टरच करा. मामांना नंतर कळव.’’ तिनं ऐकलं. मामांना फोनवर फोटो आला.

मी भेटायला गेलो तेव्हा टेबलावर तांब्याचं मोठं ताम्हण होतं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. लग्न ठरल्याचं कळताच त्यांनी ते ठाण्याहून मागवलं होतं. रजिस्टरचा सल्ला माझा होता, हे मी सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘धुतले असते हो मी पाय,’’ ते म्हणाले. ‘‘कोमट पाण्यानं.’’

मग चष्मा पुसत विचारलं, ‘‘त्याचं नाव काय? मला कुणी सांगितलंच नाही.’’

मी सांगितलं. त्यांनी ते सावकाश म्हणून पाहिलं, चुकलं, आणि पुन्हा म्हटलं.