उसना आवाज

टाचणीचं खरं नाव संस्थेत फारसं कुणी घेत नसे. हे टोपणनाव तिला मोठ्या बाईंनी दिलं होतं. एक तर ती अंगाने काटकुळी, आणि दुसरं म्हणजे विस्कटलेले कागद एकत्र धरून ठेवणं हेच तिचं काम. अनुदानासाठी अर्ज लिहायचे, देणगीदारांना पत्रं पाठवायची, वर्षाअखेरीस अहवाल तयार करायचे. संस्था छोटीच. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारी. टायरच्या दुकानामागे दुमजली इमारत होती. वर कचेरी आणि तपासणीच्या खोल्या, खाली सरावाची लांबलचक खोली. त्या खोलीच्या एका भिंतीला सबंध आरसा लावलेला होता. आपले ओठ कसे हलतात ते पाहत माणसं तिथे तासन्‌तास 'आ' आणि 'प' घोकत बसायची.

मोठ्या बाईंनी ही संस्था काढली. रुग्णासमोर बसल्या की त्यांच्याइतकं शांत कुणी नाही, पण पैसे मागायला चार लोकांपुढे उभं राहायचं म्हटलं की त्यांचीच बोबडी वळायची. मग टाचणी त्यांना वाक्यं लिहून द्यायची. बाई तुटक तुटक काहीतरी सांगायच्या, टाचणी ते सरळ करायची, आणि बाई ते पाठ करून बोलायच्या. असं करता करता वर्षं गेली. बाई सभांतून चांगल्या बोलू लागल्या. खालचा, किंचित घोगरा आवाज, महत्त्वाच्या शब्दाआधी एक थांबा, आणि सुरुवातीला ठरलेलं "हं, असं बघा." हे "असं बघा" मात्र बाईंचं स्वतःचं. बाकी त्या आवाजात बाई किती आणि टाचणी किती, हे सांगणं दोघींनाही कठीण झालं असतं. तशी वेळ कधी आली नाही.

मग बाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. आणि त्याच सुमारास, ज्या मोठ्या दात्याच्या जिवावर सगळ्यांचे पगार व्हायचे, त्याचा निरोप आला की पुढील सूचनेपर्यंत सर्व अनुदानं स्थगित. असे निरोप सगळीकडेच गेले होते. ओळखीतल्या दोन संस्थांनी तर दारावरच्या पाट्याही उतरवल्या होत्या.

संस्थेचे चिटणीस म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले सावध गृहस्थ. त्यांनी टाचणीला बोलावून घेतलं.

"हे बघ, लोकांनी पैसे दिले ते बाईंकडे बघून," ते म्हणाले. "आत्ताच बाई गेल्याचं गावभर केलं तर उरलेसुरलेही हात आखडतील. आपण लपवायचं नाही. पण आपणहून सांगायचंही नाही. कळलं?"

"आणि कुणी विचारलंच तर?"

"विचारलं तर बघू. तू लिही. बाई लिहायच्या तसंच लिही."

बाई कधीच लिहीत नव्हत्या, हे टाचणी बोलली नाही. खाली मान घालून ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. नव्या अर्जाचं पहिलंच वाक्य जुळेना. इतक्यात खुर्चीच्या मागून, अगदी कानाशी, आवाज आला, "हं, असं बघा."

ती वळली नाही. मागे कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. भीती वाटायला हवी होती, पण तिला चक्क हायसं वाटलं. हात चालू लागला. वाक्यं भराभर येत गेली, ती नुसती उतरवून घेत गेली. संध्याकाळी तिने ते वाचून पाहिलं. इतकं चांगलं तिने आजवर लिहिलं नव्हतं.

त्यानंतर आवाज रोज येऊ लागला. आणि कानात होता तो हळूहळू तोंडात आला.

टाचणीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कान असा तयार की केबिन कुठे घासतेय ते दार न उघडता सांगायचा. एका दुपारी तो जेवायला घरी आला, हात धुता धुता थबकला आणि आतल्या खोलीत डोकावला.

"कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही. देणगीदारांशी बोलत होते फोनवर."

"तू?"

"अहो, मग कोण? भिंत?"

तो हसला नाही. पुसलेले हात पुन्हा पुसत राहिला. "तू नव्हतीस ती," एवढंच म्हणाला. जेवताना मात्र मान वर न करता त्याने विचारलं, "त्या गेल्या तेव्हा तू रडलीसुद्धा नाहीस, नाही का?"

"वेळ कुठे होता?" टाचणी म्हणाली.

दोन आठवड्यांनी चिटणिसांनी तिला एका कार्यशाळेला पाठवलं. अर्ज लिहिणाऱ्यांसाठी आणि निधी गोळा करणाऱ्यांसाठी होती ती. बिकट काळात संस्था कशी तगवायची, असा विषय. एका हॉटेलचा तळघरातला हॉल होता आणि तिथल्या गालिच्याला ओलसर वास येत होता. आलेल्यांचे चेहरे असे, की पंगत उठल्यावर पोचलेत आणि आता भांड्यात काय उरलंय ते बघतायत. सगळे एकमेकांशी गोड बोलत होते आणि कुणाचा दाता अजून देतोय याचा अंदाज घेत होते.

शिकवणारा माणूस पिकल्या केसांचा, संथ होता. पूर्वी तो दात्यांच्या बाजूला बसायचा. दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात त्याचा निम्मा जन्म गेला, आणि आता त्याच लाटेत त्याचीही नोकरी गेली होती. त्याने ते लपवलं नाही, म्हणून लोक ऐकू लागले. तो म्हणाला, सगळा भार एकाच दात्यावर टाकू नका. मागण्याआधी, आपण काय बंद करू शकतो ते ठरवा. आणि वाईट बातमी दात्याला बाहेरून कळू देऊ नका, ती तुमच्याच तोंडून आणि वेळेवर गेली पाहिजे.

"कित्येक संस्थांना एकच तोंड असतं," तो म्हणाला. "ते मिटलं तर पुढे काय, याचा विचार केलाय कुणी?"

टाचणीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

जेवणानंतर त्याने सगळ्यांना हातातले कागद पालथे घालायला लावले. एकेकाने उठायचं आणि आपलं काम का चालू राहायला हवं ते सांगायचं. पाठ केलेलं नको, मनातलं हवं. अंध मुलींचं वसतिगृह चालवणारे एक काका दुसऱ्याच वाक्याला रडले. मग टाचणीची पाळी आली. ती उठली. मनात काहीच नव्हतं. तिने तोंड उघडलं.

"हं, असं बघा," खालचा, घोगरा आवाज म्हणाला. "आमच्याकडे माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे सांगायला सगळं असतं. नसतो तो फक्त... रस्ता."

कुजबुज थांबली. आवाज बोलत गेला. टाचणी आपल्याच पाठीमागे उभं राहून ऐकत असल्यासारखी ऐकत होती. बोलणं संपलं तेव्हा कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

चहाच्या वेळी शिकवणारा तिच्याकडे आला. "तुम्ही मोठ्या बाईंच्या संस्थेतल्या ना? हा आवाज कुठेही ओळखेन मी. कशा आहेत बाई?"

त्याने सरळ विचारलं होतं. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं.

"बऱ्या आहेत," टाचणी म्हणाली. तेही बाईंच्याच आवाजात.

"चला, बरं वाटलं." त्याचा चेहरा खरोखर उजळला. "एक सांगू? सुरुवातीला त्या अशा बोलायच्या नाहीत. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझ्यासमोर एक वाक्य धड पूर्ण करता आलं नव्हतं त्यांना. अर्ज गुळगुळीत होता, तसे शंभर येतात. मी तो पुढे पाठवला तो त्या अडखळण्यावर. म्हटलं, न बोलता येणं म्हणजे काय, ते या बाईला आतून कळतं."

टाचणीला हसणं भाग होतं, ती हसली. तो गुळगुळीत अर्ज तिचा होता. तिचा पहिलाच. आपल्या शब्दांनी संस्था उभी राहिली असं ती इतकी वर्षं मनातल्या मनात धरून बसली होती.

"एक लहानसा निधी आहे, अजून चालू आहे," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी शब्द टाकतो. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे चक्कर मारेन, बाईंशीही बोलणं होईल."

"या ना," आवाज म्हणाला.

घरी परतताना बसमध्ये तिला शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघवेना. इतके दिवस सोबत वाटणारं आता मानगुटीवर बसलं होतं. घरी ती कमीत कमी बोलू लागली. नवरा काही विचारायचा, ती मानेनेच उत्तर द्यायची. तिला वाटायचं, तोंड उघडलं की बाहेर कोण येईल त्याचा नेम नाही.

शिकवणारा यायच्या आदल्या दुपारी सरावाची खोली रिकामी होती. टाचणी आरशासमोर जाऊन बसली. बाई परगावी गेल्यात असं सांगायचं तिने ठरवलं होतं, तेच ती घोकून बघत होती. "हं, असं बघा. बाई अचानक बाहेरगावी..." आरशात ओठ तिचे हलत होते, आणि खोलीत बाई बोलत होत्या.

दार करकरलं. उंबऱ्यात कंडक्टर उभा होता.

कंडक्टर हा संस्थेतला सगळ्यात जुना रुग्ण. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, आणि झटक्यानंतर त्याच्याकडे दोनच शब्द उरले: "पुढे सरका." पाणी हवं असलं तरी "पुढे सरका", राग आला तरी "पुढे सरका", लेकीने डोक्यावरून हात फिरवला तरी तेच. समजत मात्र त्याला सगळं होतं. बाई गेल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसला होता.

आत्ता त्याच्या तोंडावर असा काही आनंद होता की टाचणी घोकायची थांबली. काठी टेकत, एक पाय ओढत तो आत आला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो दारामागे बघून आला. मग कपाटाच्या आडोशाला. मग पडदा बाजूला केला. शेवटी आरशाजवळ जाऊन त्याने काचेवर तळहात ठेवला आणि काचेच्या पलीकडे कुणी आहे का ते वाकून पाहू लागला.

"काका," टाचणी म्हणाली, "इथे कुणी नाही."

तिच्या तोंडून पुन्हा तोच आवाज आला. कंडक्टर गर्रकन वळला. त्याने तिचे ओठ पाहिले, आणि त्याला कळलं. तोंडावरचा आनंद असा विझला की ते पाहण्यापेक्षा त्याने काठी फेकून मारली असती तर बरं झालं असतं. तो मटकन खुर्चीत बसला.

टाचणीने तिथेच, त्याच्यासमोर फोन काढला आणि शिकवणाऱ्याला लावला.

"मी बोलतेय. संस्थेतून. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी... बाई..." जीभ टाळूला चिकटली. खुर्चीमागून कुणी मदतीला आलं नाही. "बाई... त्या..." पलीकडून "हॅलो? हॅलो?" चाललं होतं. खोलीत शिकायला आलेल्यांचं व्हायचं तसंच झालं. शब्द दिसत होता, तिथवर जाता येत नव्हतं.

कंडक्टर तिच्याकडे टक लावून बघत होता. "पुढे," तो म्हणाला. मग जरा दमाने, "सरका."

"बाई गेल्या," टाचणी म्हणाली. आवाज चिरका, बारीक, तिचा स्वतःचा निघाला. "मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या गेल्यात." आणि मग ती अशी रडायला लागली की फोन बंद झाल्याचंही तिला कळलं नाही.

शिकवणारा दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याने कळवलं की आपल्याला दुःखही झालंय आणि रागही आलाय, आणि यातलं कुठलं आधी ओसरेल ते ठाऊक नाही. पण लहान निधीकडे शब्द टाकायचं वचन त्याने मोडलं नाही. तिथल्या लोकांनी विचारलं की बाई नाहीत, मग आता कोण आहे? तो अर्ज लिहायला टाचणीला फार दिवस लागले. रुग्णांच्या घरच्यांना विचारून विचारून, खोडून खोडून तिने तो लिहिला. वरचा मजला सोडू, खालची खोली चालू ठेवू, सराव कोण घेईल, काय जमणार नाही, सगळं त्यात होतं. सुरेख असं त्यात काही नव्हतं. मदत मिळाली ती सहा महिन्यांची आणि खालच्या खोलीपुरती. मोठ्या दात्याने कायमचा नकार कळवला. जुन्या देणगीदारांना टाचणीने एकेक करून फोन केले. बरेच जण "आम्ही बाईंना देत होतो" म्हणून थांबले, काही थांबले नाहीत. चिटणीस पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत, मग एका सकाळी गुपचूप येऊन दुसऱ्या फोनवर बसले. कंडक्टर सरावाला येत राहिला, पण टाचणी खोलीत असली की आरशाकडे पाठ करून बसायचा.

आवाज पुन्हा आला नाही. नवरा म्हणाला, आता झोपेत त्या आवाजात बोलायचीही थांबलीस. टाचणीने मान डोलावली. लिहिताना मात्र कधी कधी तिचा हात थांबायचा आणि ती वाट बघायची.

महिनाअखेरीला वरच्या मजल्याच्या किल्ल्या घरमालकाला द्यायच्या होत्या. सामान गेलं होतं. भिंतींवर कपाटांचे फिकट चौकोन उरले होते. टाचणी बाईंच्या खोलीत उभी राहिली, दार आतून लोटलं आणि हळूच हाक मारली, "बाई?"

बराच वेळ ती कान देऊन थांबली. खालून कुणाचा तरी 'आ' वर येत होता, तुटत होता, पुन्हा सुरू होत होता. मग तिने खिडकी लावून घेतली आणि ती खाली गेली.