पाटीवरचा वकील

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही स्वतःवर चडफडतच.

यवतमाळात माझ्या दारावर पाटी आहे — 'इन्कम टॅक्स वकील'. मी वकील नाही. ही गोष्ट घडली तेव्हा तर आयकराच्या कामाचा साधा परवानाही नव्हता; त्यासाठीच्या परीक्षेत दोनदा आपटलो होतो. आयकर अधिकाऱ्यापुढं उभं राहायचं तर वकील हवा, परवानाधारक हवा, नाहीतर व्यापाऱ्याचा पगारी माणूस. म्हणून आत जाताना मी कागदावर कुणातरी शेठजींचा नोकर, आणि बाहेर आलो की वकीलसाहेब! आमच्याकडे काखेत फाइल दिसली की झाला वकील. सनद कोण विचारतो?

शेजारच्या खोलीत वामन बसायचा. राळेगावचा, बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातला, पहिल्याच फटक्यात पास झालेला. परवाना भिंतीवर लावलेला. पण कुणी 'वकीलसाहेब' म्हटलं की हा लगेच हात जोडायचा — "मी वकील नाही जी, मले फक्त आयकराचा परवाना हाय." किती राग यायचा मला! अरे, कशाला सांगतोस?

घाटंजीचे कापसाच्या जिनवाले एक शेठ त्याला काम देणार होते. वामनचं पहिलं मोठं काम. आधी माझ्याकडे डोकावले. म्हणाले, "ते तं सोताच म्हणून राह्यले, मी वकील नाही म्हणून. नापास हायत काय जी?"

नापास मी होतो. एक वाक्य पुरलं असतं — आणि मी काय केलं? हसलो. "आता आपल्या तोंडानं काय सांगू," म्हणालो.

शेठनी काम मलाच दिलं. बाजारात बोभाटा झाला, वामन नापास. जुन्या जातीवरून नाक मुरडणाऱ्यांना निमित्तच हवं होतं. ते मी दिलं. वर्षभरात त्यानं खोली सोडली, केळापूरला शाळेत मास्तर झाला.

पुढं तिसऱ्यांदा बसून मी पास झालो. परवान्याच्या अर्जाला चांगल्या वर्तणुकीचं पत्र हवं होतं, आणि ओळखीचा परवानाधारक एकच. लाज वाटली नाही? वाटली — तरी केळापूरला गेलो. वामननं चहा दिला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हे गृहस्थ सचोटीचे आहेत.' मग कागद माझ्यापुढं सरकवला. "पाहून घे, काही राह्यलं काय?"

"सगळं आलं," म्हणालो, आणि घडी घालून खिशात ठेवला.