वीरण्णा हालकुडे, कायमचे रहिवासी

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या चौघं माझ्या दारात उभे राहतील. उदगीर आणि देगलूरच्या मधे कुठंतरी, नगरपरिषद असलेलं, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारं गाव आहे, एवढं धरून चाला. त्या गावचे हे वीरण्णा हालकुडे. वय त्र्याहत्तर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं.

आप्पा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यातली सत्तावीस वर्षं निवडणूक शाखेत. मतदार यादी म्हणजे आप्पा. गावात कोण मेलं, कोण नांदायला आलं, कोण गाव सोडून गेलं, हे त्यांच्या आधी देवालाही कळायचं नाही. निळ्या पेनानं नाव लागायचं आणि लाल पेनानं जायचं. नावापुढं 'स्थलांतरित' असं वळणदार अक्षरात लिहिलं की विषय संपला. कुणी भांडायला आलंच तर आप्पा मान वर न करता म्हणायचे, "नियम हाय बाबा." एकदा एक म्हातारी हातात रेशन कार्ड धरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत कचेरीच्या पायरीवर बसून होती. तिच्यासाठीही आप्पांनी मान वर केली नाही. आता आप्पा लाचखाऊ नव्हते, हेही सांगतो. चहासुद्धा पदरचा प्यायचे. पण नियमावर बोट ठेवून गळा कापणारा माणूस लाचखाऊपेक्षा बरा, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

चार वर्षांखाली त्यांची बायको शिवगंगा गेली. लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. गावाच्या वेशीला लिंगायतांची रुद्रभूमी आहे, तिथं रस्त्याकडच्या पहिल्या ओळीत शिवगंगाबाईंची समाधी बांधली. शेजारची सहा फूट जागा आप्पांनी स्वतःसाठी मागून घेतली, वर दगड ठेवला आणि समितीच्या वहीत तसं लिहून घेतलं. आता आपलं सगळं ठरलं, असं त्यांना वाटलं.

मग मुलगी मंजुश्री आली आणि बापाला कॅनडात घेऊन गेली. तिनं आणि जावयानं तिथं दुसरं घर घेतलं होतं, त्यावर आप्पांचंही नाव लावलं. त्या घराच्या तळघरात भाडेकरू होते. म्हणजे आप्पांना इथं पेन्शन आणि तिथं भाडं. ऐकायला किती गोड! पण लातूरच्या सीए सुकन्याताईंनी गोडी उतरवली.

"आप्पा, एक ठरवा," त्या म्हणाल्या. "एप्रिल ते मार्चमधे तुम्ही एकशे ब्याऐंशी दिवस भारतात राहिलात की तुम्ही इथले रहिवासी. मग तिकडचं भाडंही इथं दाखवावं लागतं. त्याच्या आत परत गेलात तर इथं फक्त इथल्या पैशाचा टॅक्स."

"म्हंजे मी माझ्या गावात दिवस मोजून राहायचं?"

"राहा की. एकशे एक्क्याऐंशी राहा."

बँकेनंही खातं बदलायला कागद मागितला. आप्पांनी बाँडवर प्रतिज्ञापत्र केलं: मी परदेशी वास्तव्यास असून भारतात माझे कायम वास्तव्य नाही. सही केली, मूळ प्रत घरच्या ट्रंकेत ठेवली. ट्रंकेची किल्ली पुतण्याकडं होती. संगमेश त्याचं नाव. घर तोच सांभाळायचा, पुढच्या दोन दुकानांचं भाडं तोच गोळा करायचा.

त्याच वेळी मंजुश्रीनं आणखी एक फॉर्म पुढं केला होता. परदेशी राहणाऱ्यानं मतदार यादीत नाव ठेवायचं तर तो भरावा लागतो. आप्पा भडकले. "मला शिकवतीस? हे फॉर्म मी वाटले हायत. परदेशी लोकांसाठी असतंय ते. मी काय परदेशी हाय?"

घ्या! टॅक्ससाठी परदेशी व्हायला माणसाला लाज वाटली नाही. मतासाठी मात्र अभिमान आडवा आला.

दुसरीकडं गावात संगमेशला नगरसेवक व्हायची हाव सुटली होती. त्यानं काढलेला मुद्दा असा: रुद्रभूमीची रस्त्याकडची पट्टी मोकळी करायची, तिथं चौदा गाळ्यांचं व्यापारी संकुल बांधायचं आणि समाज श्रीमंत करायचा. पुढच्या समाध्या मागं सरकवायच्या, बस्स. समाजाच्या बैठकीत आप्पा ताडकन उठले आणि म्हणाले, "माझ्या शिवगंगेला हात लावला तर याद राख. पहिलं मत तुझ्या विरोधात माझं पडंल, आन् माझ्या वार्डातली दोनशे मी फिरवून आणीन." संगमेश हसला. मोठ्या काकाला त्यांच्याकडं दोडप्पा म्हणतात. "दोडप्पा, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच बोलला. त्यानंतर आप्पा परत कॅनडाला गेले.

यंदा ते जूनमधे आले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहायचे. निवडणूक जाहीर झाली आणि मतदान आलं बरोबर एकशे एक्क्याऐंशीव्या दिवशी. आप्पांना हा गुरुकृपेचाच भाग वाटला. सकाळी मत टाकायचं, दुपारी हैदराबादकडं निघायचं, रात्री विमान. टॅक्सही वाचला आणि शिवगंगाही वाचली. सहा महिने ते वार्डात घरोघर फिरले, ओट्यांवर बसले, लोकांना रुद्रभूमीचं सांगत राहिले. यादी मात्र त्यांनी उघडून पाहिली नाही. कशाला पाहतील? ज्यानं सत्तावीस वर्षं यादी केली त्यानं इतरांसारखं बोट फिरवत स्वतःचं नाव शोधायचं? वरून संगमेश म्हणाला होता, "मतदानाची चिठ्ठी घरपोच येईल दोडप्पा, तुम्ही उन्हात फिरू नका."

मतदानाला तीन दिवस राहिले आणि कोर्टातल्या कुठल्याशा अर्जावरून त्यांच्या वार्डाची निवडणूक अठरा दिवस पुढं गेली.

सुकन्याताईंचा फोन आला. "आप्पा, विमान पकडा. थांबलात तर रहिवासी व्हाल. तिकडचं सगळं भाडं इथं दाखवावं लागेल, मागच्यासारखं सुटणार नाही."

मंजुश्री फोनवर रडली. जावई रडला नाही, पण त्यानं किती भुर्दंड बसेल ते सविस्तर सांगितलं. आप्पांनी अख्खी रात्र येरझाऱ्या घातल्या आणि सकाळी तिकीट रद्द केलं. "बसू दे भुर्दंड," ते म्हणाले. "बायकोपेक्षा टॅक्स मोठा हाय का?" खरं सांगतो, या माणसाचा मला कितीही राग आला तरी त्या सकाळचे आप्पा मला आवडतात.

मतदानाच्या दिवशी आंघोळ, लिंगपूजा करून, इस्त्रीचं धोतर नेसून ते शाळेत गेले. चिठ्ठी काही आली नव्हती, पण आप्पांना चिठ्ठी कशाला लागते? पहिला नंबर लावला. टेबलावरच्या पोरीनं यादीवर पट्टी फिरवली, परत फिरवली.

"आजोबा, तुमचं नाव कटलंय."

"नीट बघ. हालकुडे वीरण्णा शिवलिंगप्पा. घर क्रमांक मला पाठ हाय."

"नीटच बघितलं. वगळलेल्या नावांत हाय. पुढं लिहिलंय, स्थलांतरित."

मागं रांग वाढत होती. आप्पांनी कार्ड दाखवलं, पासपोर्ट दाखवला, आवाज चढवला. केंद्राध्यक्ष उठून आले. तरुण होते, पण अदबीनं बोलले. "आप्पा, तुम्हाला मी काय सांगू? यादीत नाव न्हाई तर कार्ड चालत न्हाई. नियम हाय." आणि रांगेतल्या बायांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी जुन्या ओळखीवर फाईल काढायला लावली. मागच्या हिवाळ्यातला अर्ज होता, नाव वगळण्याचा. अर्जदार संगमेश हालकुडे, पुतण्या. नोटीस घरच्या पत्त्यावर निघाली होती, ती घेतल्याची सहीही त्याचीच. आणि पुरावा म्हणून जोडलं होतं आप्पांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, त्याची झेरॉक्स. भारतात माझे कायम वास्तव्य नाही. खाली त्यांचीच वळणदार सही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काय उगीच?

संगमेश निवडून आला. एकशे नव्वद मतांनी, म्हणजे आप्पांच्या एका मतानं काही होणार नव्हतं, हा एक बोचरा हिशेब वेगळाच. पण ज्याचं स्वतःचंच नाव यादीत नाही, त्याच्या सांगण्यावर कोण मत फिरवणार? मतदानाच्या दुपारपासून वार्डात एकच चर्चा होती, आप्पा तर इथले राहिलेच नाहीत. निकालाच्या संध्याकाळी संगमेश गुलालानं माखून दारात आला आणि पायावर डोकं ठेवून म्हणाला, "आशीर्वाद द्या दोडप्पा. राजकारण येगळं, नातं येगळं." आप्पांनी पाय मागं घेतले. त्यांच्या धोतरावर गुलालाचे डाग पडले, ते नंतर धुऊनही गेले नाहीत.

जानेवारीत जेसीबी आला. आप्पा रुद्रभूमीत जाऊन समाधीपुढं उभे राहिले. समितीचे अध्यक्ष साहेबराव बिरादार त्यांच्याच वयाचे, एका बाकावर शिकलेले. त्यांनी हात जोडले. "वीरण्णा, सगळ्या घरांची नाहरकत घेतली हाय. तुमच्या घरची संगमेशनं दिली, स्थानिक वारस म्हणून."

"नवरा जिवंत हाय आन् वारस पुतण्या?"

"तूच लिहून दिलायस ना, इथं राहत न्हाई म्हणून? कागद हाय आमच्याकडं."

जंगमस्वामींनी मंत्र म्हटले. पांढऱ्या कापडात जे काही होतं ते शिवगंगाबाईंचं म्हणून मागच्या कुंपणाजवळ नेलं. आप्पा मागोमाग गेले. नवीन ओळ दाटीनं आखली होती, इकडं एक समाधी, तिकडं एक, मधे पाऊल ठेवायलाही जागा नाही.

"साहेबराव, माझी शेजारची जागा?"

साहेबरावांनी वही चाळल्यासारखं केलं. "ती जुन्या ओळीत होती. ती ओळच गेली की आता. आन् नवीन जागा फक्त गावात राहणाऱ्यांना. तसा ठराव झालाय."

आप्पा खाली बसले आणि नवीन मातीवरून हात फिरवत राहिले. सत्तावीस वर्षं लोकांना एका शब्दात गावाबाहेर काढणाऱ्या या माणसाला रडताना मी तिथंच पाहिलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं नाही.

मार्चमधे सुकन्याताईंनी टॅक्स भरून घेतला आणि हिशेबाचा कागद मोबाईलवर पाठवला. फोनवर म्हणाल्या, "यंदा तुम्ही कायद्यानं भारताचे पक्के रहिवासी, आप्पा. पाऊण वर्षाच्या वर राहिलात." आप्पांनी विचारलं, "हे कागदावर लिहिलेलं हाय का?" त्या म्हणाल्या, "लिहिलंय की." आप्पांना तो कागद हातात हवा होता. साहेबरावाच्या तोंडावर मारायला, निदान दाखवायला. म्हणून ते आपल्याच घराच्या पुढच्या दुकानात गेले. तिथं वीस वर्षांपासून तय्यबची झेरॉक्स आहे.

तय्यबनं मोबाईलवरून प्रिंट काढली. आप्पांनी चष्मा पुसून एका ओळीवर बोट ठेवलं, रहिवासी. मग म्हणाले, "याच्या दोन झेरॉक्स दे." मशीन चालू झाली. उजेडाची पट्टी काचेखालून सरकली आणि आप्पांना कचेरीच्या फाईलमधली ती झेरॉक्स आठवली.

"तय्यब, त्या हिवाळ्यात माझ्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स संगमेशनं कुठं काढली?"

तय्यबनं मान वर केली नाही. "इथंच, आप्पा."

"तू वाचलास काय हाय ते?"

"वाचलो. नाव काटायच्या अर्जाला लावून राहिला होता. अर्जाची बी झेरॉक्स मीच काढली."

"मग मला एक फोन करायचा रे! रोज तुझा सलाम घेतो मी. का न्हाई केलास?"

तय्यबनं दोन्ही कागद मशीनमधून उचलले, कडा जुळवल्या आणि काउंटरवर ठेवले.

"आमची अम्मी, वहिदा. तीन म्हैने हैदराबादला बहिणीकडं होती, डोळ्याच्या आपरेशनला. वापस आली तर नाव कटलेलं. दिवसभर तुमच्या पायरीवर बसली, रेशन कार्ड घेऊन. तुम्ही बी बघितलं होतंत आप्पा. तुम्ही बी काय बोलला न्हाईत."

आप्पांनी दोन्ही कागद उचलले. त्यांनी विचारलं, "परत लागलं का नाव?"

"न्हाई. तशीच गेली."

बाहेर संगमेशच्या गाळ्यांच्या पायाचं काम चालू होतं, डबरचे ट्रक एकामागून एक जात होते. आप्पांनी खिशातून चार रुपये काढून काउंटरवर ठेवले. तय्यबनं ते मोजून गल्ल्यात टाकले.