कासियानो मेस्त्रीची काडी

कासियानो वाराचीच्या मते जगातली सगळी इंजिनं जन्मतः बिघडलेली असतात, कारण ती समुद्रकाठी लहानाची मोठी होतात. वायल्लूमा गाव सव्वाचार हजार मीटरवर, साहामा डोंगराच्या पायथ्याशी. तिथे येणारी प्रत्येक मोटरसायकल चिलीच्या बंदरातून, बहुधा कागदपत्रांशिवाय, वर चढायची आणि पोचली की काळा धूर ओकत धापा टाकायची. मालक घाबरायचा. कासियानो घाबरायचा नाही. तो कार्बोरेटर उघडून आतला मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी, काढायचा, त्या जागी दोन नंबर लहान जेट बसवायचा आणि दरवेळी तेच वाक्य म्हणायचा: "हवा कमी, तर पेट्रोलही कमी. पाहुण्याला भूक नाही, तर वाढायचं कशाला?"

ही विद्या तो आरिका बंदरातल्या एका गॅरेजात नऊ वर्षं राबून शिकला होता. तिथूनच त्याने डावा गुडघाही अधू करून आणला होता. परत आल्यावर अंगणात एक बाक टाकला, भिंतीत एक खिळा ठोकला, आणि गेली एकतीस वर्षं तो या दोन वस्तूंच्या मध्ये बसून होता. जेट साफ करायला बाकीचे मेस्त्री तार वापरत. कासियानो इचू गवताची काडी वापरायचा. ते माळावर हवं तेवढं उगवतं, सुईसारखं कडक असतं, आणि पितळेला ओरखडा काढत नाही. तारेने भोक मोठं होतं, आणि मोठं झालेलं भोक पुन्हा लहान करणारा अजून जन्माला यायचाय, असं त्याचं म्हणणं. चार-पाच काड्या त्याच्या टोपीच्या पट्ट्यात कायम खोचलेल्या असत. परगावच्या माणसांना तो शोभेचा तुरा वाटे.

त्याचा एक नियम होता. मेस्त्री यंत्राकडे जात नाही, यंत्र मेस्त्रीकडे येतं. कारण विचारलं की तो गुडघ्याकडे बोट दाखवायचा.

कार्निव्हलनंतर हा नियम त्याच्या अंगाशी आला.

गावच्या अल्पाकापालक संघाची चार चाकांची एक टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. हिरवी, रुंद, बसकी. गाव तिला बेडूक म्हणे. बेडूक चालवायची प्रिमितिवा चाम्बी. संघाने तिला जनावरांना लस टोचायला नेमलं होतं. सगळ्यात लांबचा कळप अडतीस किलोमीटरवर. पायी गेलं तर दोन दिवस लागत, आणि लशीच्या डब्यातला बर्फ एकच दिवस टिके. म्हणजे बेडूक चालला तर लस, नाहीतर नुसतं गार पाणी.

आणि कार्निव्हलपासून बेडूक चालत नव्हता. अगदीच नाही असं नाही. किक मारली की एका दमात सुरू व्हायचा, पाव तास तक्रार न करता पळायचा, मग धाप लागल्यासारखा अडखळून माळावर मध्येच गप्प व्हायचा. जरा थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा पाव तास. प्रिमितिवाने हिशोब केला होता: गावापासून लांबच्या कळपापर्यंत सात वेळा बंद पडतो, आणि सातव्या वेळी बर्फही संपलेला असतो.

कासियानोने तीन आठवड्यांत तो तीनदा उघडला. पहिल्यांदा दोन्ही जेट काडीने साफ केले. दुसऱ्यांदा फ्लोटची उंची मोजली, पिन बदलली, हवेची जाळी रॉकेलमध्ये धुतली. तिसऱ्यांदा प्लग काढून उजेडात धरला. प्लगचा रंग चहासारखा, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. मग मोठ्या जेटच्या जागी आणखी लहान नंबरचा लावून पाहिला, तो फारच लहान झाला म्हणून परत पहिलाच बसवला. बेडकाची टाकी कार्बोरेटरच्या डोक्यावर बसलेली, त्यामुळे काम करताना ती उतरवून बाजूला ठेवावी लागे आणि पेट्रोल भिंतीतल्या खिळ्याला टांगलेल्या सरबताच्या बाटलीतून द्यावं लागे. त्या बाटलीवर बेडूक तासन्‌तास चालायचा. कासियानो हात पुसायचा, टाकी बसवायचा, प्रिमितिवा निघायची, आणि दोन कोस गाठायच्या आत अडकायची.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मेस्त्री, तुमच्या अंगणात हा शहाण्यासारखा वागतो. सासऱ्यापुढे जावई वागतो तसा."

"तापत असेल. जरा थांबत जा."

"थांबतेच आहे. मी आता लस टोचत नाही, थांबते."

गोष्ट गावप्रमुखापर्यंत गेली. यंदा प्रमुखपदाची काठी आनाक्लेतोच्या हातात होती. त्याच्या भाच्याने हमरस्त्याच्या फाट्यावर नवं गॅरेज काढलं होतं, आणि तिथे इंजिन तपासायचा एक कॉम्प्युटर होता. आनाक्लेतो भाच्याचे गुण येता-जाता सांगायचा: पोरगा देवभीरू आहे, नव्या चर्चात जातो, बाटलीला शिवत नाही. त्याने जाहीर केलं की रविवारी सभा भरेल, आणि तोवर बेडूक सुधारला नाही तर त्याला फाट्यावर पाठवायचं.

कासियानो म्हणाला, कॉम्प्युटरची वायर लावायला बेडकात जागाच नाही. हे खरं होतं, पण कुणी हसलं नाही. बेडूक गेला की गावातल्या बाकीच्या अकरा मोटरसायकलीही त्याच्यामागून जाणार, हे त्याला न सांगता कळत होतं. मग बाक, खिळा आणि तो, अशा तीन वस्तू अंगणात उरणार होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी त्याची बायको लिओकादिया चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, सोलत बसली होती. वर न बघताच ती म्हणाली, "म्हाताऱ्या, रोग रस्त्यावर होतो आणि तू अंगणात तपासतोस. जाऊन बघ की एकदा."

"गुडघा."

"तुला गुडघा अडवतो की नाक?"

शनिवारी सकाळी प्रिमितिवा निघाली तेव्हा तिच्यामागे, लशीच्या डब्याला खेटून, गुडघा वाऱ्यावर सोडून कासियानो बसलेला होता. पाच माणसांनी हे पाहिलं, म्हणजे गावाने पाहिलं.

पाव तासाने बेडूक अडखळला आणि थांबला. प्रिमितिवा उतरली, टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत डोकावली, झाकण लावलं. क्रूसाची खूण करावी तसं, सवयीने. पण झाकण निघताना कासियानोच्या कानावर एक आवाज पडला. बारीक, लांबट, दात मिटून श्वास ओढल्यासारखा.

"झाकण का उघडलंस?"

"काटा नाही ना याला. पेट्रोल आहे का बघते."

"दरवेळी बघतेस?"

"दरवेळी."

"आणि मग सुरू होतो."

"थोडा निवल्यावर होतो. तापतो असं तुम्हीच सांगितलंत."

त्याने सांगितलं, चल, आणि पुढच्या वेळी झाकणाला हात लावू नकोस. पुढच्या वेळी दोघांनी माळावर बसून कोकाची पानं चघळली. इंजिनावर हात ठेवता येईल इतकं ते गार झालं. प्रिमितिवाने किक मारली. काही नाही. आणखी सहा मारल्या, काही नाही. मग कासियानोने स्वतः झाकण फिरवलं. फुस्स. आठव्या किकला बेडूक सुरू झाला.

टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यायला लागते. तीस वर्षं हवेच्या हिशोबावर भाकरी खाल्लेल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. अंगणातल्या बाटलीला तर झाकणच नसायचं. त्याने झाकण उलटसुलट केलं. मधोमध श्वासाचं भोक होतं. त्यावरची बोटभर नळी चिलीतून येतानाच कुठे गळून पडली होती, आणि उघडं भोक थेट आभाळाकडे तोंड करून होतं. ते बुजलं होतं. त्याने टोपीतून काडी काढली आणि टोकरलं. आधी गुलाबी कागदाचा कण निघाला, मग पिवळा, मग डिंकासारखी वाळलेली तांबूस खपली.

गुलाबी रंग त्याने ओळखला. कार्निव्हलच्या मंगळवारी बेडकाची चाल्ला झाली होती. वर्षातून एकदा घरांना, जनावरांना, यंत्रांना फुलं-कागद वाहतात, वरून बिअर ओततात, आणि धरणीमाय पाचामामाचा वाटा तिला देतात. यंदा बेडकाचा मानकरी कासियानो होता. त्याने पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत आख्खी बाटली रिकामी केली होती, टाकीवर तर तीनदा, कारण टाकी म्हणजे पोट. आणि ओरुरो शहरातून मुद्दाम सगळ्यात बारीक कातरलेले कागदाचे कण आणले होते. जाडे चालतील, बारीक घरभर होतात, असं लिओकादिया म्हणालेली. तिचं म्हणणं केर काढण्याबद्दल आहे असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

प्रिमितिवाने कण पाहिले, त्याचा चेहराही पाहिला. "सभेत हे सांगू नका, मेस्त्री. जेट खराब होता म्हणा. कोण उघडून बघतंय?"

कासियानोने दोन्ही कण खिशात ठेवले. मग म्हणाला, "जेट चांगला होता. त्याच्यावर आळ कसा घेऊ?"

रविवारी त्याने सभेच्या मधोमध अंथरलेल्या कोकाच्या पानांच्या फडक्यावर झाकण ठेवलं, शेजारी गुलाबी आणि पिवळा कण ठेवला, आणि होतं तसं सांगितलं: बिअर माझी, कागद माझे, हात माझा, आणि तीन आठवडे मी नको तिथे शोधत होतो. बेडूक आता चालतो. मग तो खाली बसला आणि फाट्यावरच्या गॅरेजचा निकाल ऐकायची तयारी केली.

म्हाताऱ्यांनी झाकण हातोहात फिरवलं. यंत्र सुधारलं या गोष्टीत कुणाला फारसा रस दिसला नाही. शेवटी आनाक्लेतो सावकाश म्हणाला, "म्हणजे पाचामामाचा वाटा झाकणातच अडकला. तिला पोचलाच नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन आठवड्यांत कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. धरणीचा वाटा अडला म्हणून बेडकाचा श्वास अडला, यात आता कुणाला शंका उरली नाही. चाल्ला पुन्हा, नीट करावी लागणार होती. कासियानोच्या मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं की भाचा बिअर ओतेल का. नव्या चर्चात जाणारा देवभीरू पोरगा बाटलीला शिवत नाही, हे आनाक्लेतोनेच गावाकडून पाठ करून घेतलं होतं. पाचामामाला पाणी पाजणाऱ्याच्या हाती संघाचं यंत्र देणं शक्य नव्हतं. ठरलं की बेडूक कासियानोकडेच राहील. ज्याने अर्धवट सोडलंय, त्यानेच पुरं करावं.

कासियानोने फडक्यावरचं झाकण उचललं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुसरी चाल्ला झाली. कागद लिओकादियाने आणले, अंगठ्याच्या नखाएवढे जाडे, आणि त्याच्या हातात दिले. ओतायच्या आधी कासियानोने झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर बांधलं. आनाक्लेतोने विचारलं, हे काय.

"सगळं तिलाच पोचू दे," कासियानो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी काढून प्रिमितिवा लांबच्या कळपाकडे निघाली. कासियानो बाकावर बसून ऐकत राहिला. पाव तास झाला, अर्धा झाला. आवाज लांब गेला, पण तुटला नाही. संध्याकाळी ती परत आली तेव्हा डब्यात ओंजळभर बर्फ शिल्लक होता. तो तिने त्याला उघडून दाखवला आणि मग अंगणात ओतून टाकला.

सोमवारी एक जण धूर ओकणारी मोटरसायकल ढकलत अंगणात आला, ती खिळ्याखाली लावली आणि बाजूला उभा राहिला. कासियानोने काडी पट्ट्यातून काढली, पुन्हा खोचली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"इथे नको," तो म्हणाला. "चालवून दाखव. मी मागे बसतो."