साहेब, कुत्रा तं एकच आहे

आमच्या फॅक्टरीचे चौकीदार गुलाबराव भल्या सकाळी नळी लावून शेरूला आंघोळ घालत होते. शेरू म्हणजे फॅक्टरीतला एकुलता एक कुत्रा. तो ओलाचिंब होऊन थेट माझ्याकडे पाहून भुंकत होता. हुकूम कोणाचा आहे, हे त्याला बरोबर कळलं होतं.

हुकूम माझाच होता. मी अकोल्याजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं, आणि प्रेसिंग म्हणजे उरलेली रुई दाबून तिची गाठ बांधणं. ऐकायला सोपं आहे. पण रुई फार हट्टी. दाबली की दबते, हात काढला की पुन्हा फुगते. थेट माझ्या मोठ्या साळ्याचा स्वभाव.

त्या सीझनला नवा प्रेस आला आणि महिन्याभरातच रुसला. वरून दट्ट्या खाली येऊन पेटीत रुई कोंबायचा. तो वर गेला की त्याच्या मागोमाग रुईही वर यायची. पेटी भरेना, गाठ होईना. गाठ होईना म्हणून रुई टाकायला जागा नाही, म्हणून जिनही बंद. गेटाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आवारात कापसाच्या उघड्या गंज्या, आणि वर आभाळ गच्च भरून आलेलं. भिजलेला कापूस पिवळा पडतो. मग त्याला कुत्रंही विचारत नाही.

कंपनीचा इंजिनियर दोन दिवसांनी येणार होता. आमचे मालक मोहनशेठ आभाळाकडे पाहत म्हणाले, "राऊत, दुपारपर्यंत वाट पायतो. नाई झालं तं ट्रॅक्टर दुसऱ्या जिनवर पाठवून देतो. पण या गंज्या कुठं पाठवू?"

"शेठजी, मॅन्युअल आहे न माझ्याजवळ. वाचून पायतो."

"इंग्रजीत आहे ते."

"मंग काय झालं?"

हा 'मंग काय झालं' माझा नव्हता, मोबाइलमधल्या डिक्शनरीचा होता. माझी बायको वैशाली झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं दिवाळीत ते ॲप माझ्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. वाचता वाचता अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरायचं, की मराठी अर्थ टपकन वर येतो. आवडला तर शेजारची चांदणी दाबून तो शब्द साठवून ठेवायचा. मला तर वेडच लागलं. खोकल्याच्या औषधाचं पत्रकसुद्धा मी कॅमेऱ्यातून पूर्ण वाचून काढलं. खोकला गेला नाही, पण बारा-पंधरा शब्द मिळाले.

तर मॅन्युअलची पीडीएफ उघडली. 'प्रेस भरत नसेल तर' या मथळ्याखाली पहिलंच वाक्य होतं, 'क्लीन ऑल फाउल्ड डॉग्ज.' फाउल्ड अडलं. बोट दाबलं. अर्थ आला, 'घाण झालेला.' डॉगवर बोट ठेवायचा प्रश्नच नव्हता. डॉग मला पाचवीपासून येतो.

आता हसू नका. जिनिंगमध्ये सगळ्यात मोठी भीती आगीची. शेरू दिवसभर रुईत लोळतो, त्याच्या केसांत रुई अडकते, तो फिरतो मशिनीजवळ, उडाली एखादी ठिणगी तर? मला तर मॅन्युअल लिहिणाऱ्याचं कौतुकच वाटलं. परदेशात बसून माणसानं किती बारीक विचार केला! म्हणून ती आंघोळ.

पुढचं वाक्य होतं, 'ऑल डॉग्ज मस्ट बी सीटेड.' सगळे कुत्रे बसलेले असावेत. गुलाबरावांनी शेरूला बिस्कीट दाखवून प्रेस-हाउसच्या दारात बसवलं. प्रेस चालवणारे सलीमभाई वरच्या प्लॅटफॉर्मवरून हे सगळं शांतपणे पाहत होते.

"साहेब, शेरू बैठ गया. करू चालू?"

"करा."

दट्ट्या खाली गेला. वर आला. मागोमाग रुई वर आली.

"साहेब," सलीमभाई तितक्याच शांतपणे म्हणाले, "किताबात कुत्ते किती लिवले आहेत?"

मी पान सरकवलं. सुट्या भागांचा तक्ता होता. "आठ."

"आपल्याजवळ कुत्रा तं एकच आहे साहेब. बाकीचे सात नगरपालिकेतून मागवू काय?"

खालची सगळी मजूर मंडळी फिसकन हसली. मी मात्र त्या तक्त्याकडेच पाहत राहिलो. वर बोल्ट, खाली स्प्रिंग, आणि मधोमध डॉग, आठ नग. बोल्ट आणि स्प्रिंगच्या मध्ये कुत्रा काय करून राहिला?

मी पहिल्यांदा 'डॉग'वर बोट दाबलं. पहिला अर्थ, कुत्रा. खाली सरकवलं. दुसरा अर्थ, हलकट माणूस. तोही त्या क्षणी लागू होता. तिसरा, पिच्छा पुरवणे. चौथ्या अर्थाच्या आधी बारीक अक्षरात 'यंत्र' असं लिहिलेलं, आणि पुढं, 'अडकवून धरणारा खटका.'

"खटका!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेरू उठून पळाला.

खटके मला नवे थोडेच होते! जुन्या प्रेसचे खटके मी कित्येक वर्षं हातानं साफ केले आहेत. पेटीच्या तोंडाशी असलेली ती लोखंडी बोटं. दट्ट्या खाली जाताना मागं सरतात, आणि रुई आत गेली की पुढं येऊन तिला दाबून धरतात. नव्या प्रेसमध्ये ते झाकणाआड होते. दिसत नव्हते, म्हणून कोणी साफ करत नव्हतं.

"सलीमभाई, कुत्ता म्हंजे खटका!"

"तं सरळ खटका म्हणा न साहेब! गरीब जनावराले काहून भिजवलं?"

त्यांनी मेन स्विच पाडला, रुई ओढायचा लोखंडी आकडा उचलला, झाकण उघडलं आणि हात आत घालायला वाकले. मी खाली उभा राहून अधाशासारखा पुढचं वाचत होतो. 'ब्लीड द सिलिंडर बिफोर रीचिंग इन.' ब्लीडही मला येत होतं. रक्त येणे. पण आता मी शहाणा झालो होतो. बोट दाबलं, खाली सरकवलं. (यंत्र) कोंडलेला दाब सोडून देणे.

"सलीमभाई, हात बाहेर! पह्यले हात बाहेर!"

त्यांनी दचकून हात मागं घेतला. "काहून? लाइट तं बंद आहे."

"लाइट बंद आहे, दट्ट्या ढकलणाऱ्या तेलाचा दाब चालू आहे."

मी व्हॉल्व्ह सोडला. पाइपातून फुस्स आवाज आला, आणि वर अडकून बसलेला दट्ट्या वीतभर खाली आपटला. क्षणापूर्वी सलीमभाईंचं कोपर होतं तिथंच. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थट्टा संपली होती.

"साहेब," ते म्हणाले, "पुढचं पान बी वाचा."

वाचलं. प्रत्येक शब्द दाबून, येणारा आणि न येणारा, शेवटच्या अर्थापर्यंत. मी मोठ्यानं वाचत होतो, सलीमभाई करत होते. खटक्यांमागून पाल्याकचऱ्यासकट रुईचे गोळे निघाले. आठातले तीन जाम होते. ते मोकळे करून झाकण लावलं, प्रेस चालू केला. दट्ट्या खाली गेला, वर आला. रुई जागेवर! पुन्हा खाली, पुन्हा वर. रुई जागेवर! मी टाळ्या वाजवल्या. पन्नाशीचा माणूस प्रेस-हाउसमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होता, पण त्याची लाज नंतर वाटली. पहिली गाठ बाहेर पडली तेव्हा सलीमभाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

जिन सुरू झाले. आवाज ऐकून शेठजी आले. "काय झालं होतं?"

"कुत्रे अडकले होते शेठजी."

त्यांनी उन्हाची तिरीप शोधून बसलेल्या ओल्या शेरूकडे पाहिलं, आणि जास्त विचारलं नाही. संध्याकाळी पाणी आलंच. तोवर उघड्या गंज्या बऱ्याचशा आत गेल्या होत्या, उरलेल्यांवर ताडपत्री पुरली.

न येणारा शब्द माणूस शोधतो, म्हणून तो धोक्याचा नसतो. घात करतो तो येणारा शब्द.

घरी जेवताना मी हे सगळं वैशालीला हातवारे करून सांगितलं. दट्ट्या दाखवताना आमटी सांडली. शेवटी म्हटलं, "समजलं काय? पह्यल्या अर्थावर थांबायचंच नाई. खाली सरकवत जायचं."

"हे तुमाले आज समजलं?" ताटात भाकर वाढत ती म्हणाली. "मंग आता मी 'काई नाई झालं मले' म्हटलं, की तिथंच नका थांबत जाऊ."